पंचवीस हजार फुटांवरची वजाबाकी

शिरूरहून रांजणगावच्या महागणपतीला निघालं की सतरा-अठरा किलोमीटर होतात. गाडीवर अर्धा तास, वाटेत चहाला थांबलं तर पाऊण. हाच रस्ता उचलून आकाशात सरळ उभा केला, तर सरदवाडीच्या आसपासच हवेचा दाब निम्मा झालेला असेल. अर्ध्या वाटेवर एव्हरेस्टचं शिखर गाठलेलं असेल. आणि रांजणगाव ओलांडून जरा पुढे गेलं, की सदतीस अंश तापमानाचं उघडं शरीर आतल्या पाण्याला पाणी म्हणून धरून ठेवू शकणार नाही, ते उकळायला लागेल. या सीमेला आर्मस्ट्राँग रेषा म्हणतात. चंद्रावर गेलेल्या आर्मस्ट्राँगचा तिच्याशी संबंध नाही, हॅरी आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकी हवाई दलातल्या डॉक्टरांवरून ते नाव पडलं. उंची सुमारे ६३,००० फूट.

या लेखाचा विषय त्या रस्त्याचा खालचा निम्मा भाग आहे. पंधरा हजार ते पस्तीस हजार फुटांच्या पट्ट्यात विमानातून उडी मारणाऱ्या माणसाचं शरीर आधी कसं तयार करतात, आणि मुळात ते तयार करता येतं का?

शिरूर-दौंड पट्ट्यात हा प्रश्न विचारण्याचं एक कारण आहे. शिरूर-न्हावरे-चौफुला रस्त्यावर पहाटे गाडी काढा. उसाच्या ट्रॉल्यांच्या कडेने, अंगात बनियन आणि पायात झिजलेले बूट घालून पोरं धावताना दिसतात, अलीकडे पोरीही. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात. त्यामुळे भरती हा इकडे घरोघरी चालणारा विषय. लष्कराला १,६०० मीटर, राखीव दलाला ५ किलोमीटर, हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. लोहगावहून उठलेलं सुखोई डोक्यावरून गेलं की ही पोरं मान वर करतात, आणि कमांडोंच्या उड्यांचे व्हिडिओ तर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. दम वाढवला की सगळं जमतं, अशी इथली पक्की समजूत आहे. जमिनीवर ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पंचवीस हजार फुटांवर मात्र १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारणारा पोरगा आणि त्याचा ढेरपोट्या काका यांच्यात फारसा फरक उरत नाही. दोघांनाही मास्कशिवाय शुद्धीत काम करायला मिळतात तीन ते पाच मिनिटं. पोरगा तिथे हालचाल जास्त करत असेल तर त्याची मिनिटं उलट लवकर संपतात.

याचं कारण समजायला सोपं आहे. वरच्या हवेत ऑक्सिजन 'कमी टक्के' असतो असं आपण बोलून जातो, ते बरोबर नाही. टक्केवारी वरही एकवीसच. कमी होतो तो दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उभा राहतो, १८,००० फुटांवर ३८०, पंचवीस हजारांवर साधारण २८२. फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारी ताकद हीच असते. ती गेली की छाती कितीही रुंद असली तरी उपयोग नाही. उपयुक्त शुद्धीचा काळ म्हणून वैमानिकांना एक तक्ता शिकवतात: अठरा हजारांवर वीस ते तीस मिनिटं, बावीस हजारांवर दहाच्या आसपास, तीस हजारांवर एक ते दोन, चाळीस हजारांवर पंधरा-वीस सेकंद. काळ 'उपयुक्त' शुद्धीचा आहे, हे लक्षात ठेवायचं. माणूस त्यानंतरही डोळे उघडे ठेवून बसलेला असू शकतो, हसतही असू शकतो. फक्त त्याच्या हातून योग्य गोष्ट होत नाही.

ही गोष्ट माणसाला दीडशे वर्षांपूर्वी फार महागात कळली. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचा बलून निघाला. आत तिघे: गास्तों तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली. अडाणी धाडसी म्हणावेत तर तसेही नव्हते. यातल्या सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली यांनी आदल्या वर्षी शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांच्या पोलादी टाकीत बसून विरळ हवेचा अनुभव घेतला होता, आणि ऑक्सिजनने ती अवस्था कशी पालटते हेही पाहिलं होतं. म्हणजे उंचीवरच्या प्रशिक्षणाचे आद्य विद्यार्थी हेच. बलूनमध्ये ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. त्या पुरणार नाहीत असं बेर यांनी पत्रानं कळवलं होतं, पण पत्र पोचायला उशीर झाला. पिशव्या थोड्या म्हणून गरज वाटेल तेव्हाच वापरायच्या असं ठरलं, आणि गरज वाटलीच नाही. तिसांदिएने नंतर लिहून ठेवलं की आठ हजार मीटरच्या सुमारास त्याला एक प्रकारचा आनंद होत होता. नळी तोंडाला लावावी असं वाटलं तेव्हा हात उचलेना. मधे शुद्धीवर आला तर खाली येणाऱ्या बलूनमधून क्रोसे-स्पिनेली वाळूच्या पिशव्या, उपकरण, पांघरुणं बाहेर फेकत होता, म्हणजे बलून पुन्हा वर जावा अशी व्यवस्था करत होता. बलून सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेला. उतरला तेव्हा तिसांदिए जिवंत होता, बहिरा झालेला. बाकीचे दोघे गेले होते.

त्या पांघरुणं फेकणाऱ्या हातावर आजचं सगळं प्रशिक्षण उभं आहे. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आधी ओरडत नाही. छातीत कळ येत नाही, गुदमरल्यासारखंही बहुतेकांना होत नाही, कारण गुदमरण्याची भावना कार्बन डायऑक्साइड साठल्यावर येते आणि इथे तो श्वासाबरोबर बाहेर पडतच असतो. पहिला बळी जातो विवेकाचा. 'आपल्याला काही झालेलं नाही' असं सांगायला मात्र तोंड शाबूत राहतं.

म्हणून टाकी. आपल्याकडे या विद्येचं माहेरघर बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिन. १९५७ साली हवाई दलाने ती सुरू केली. राकेश शर्मा आणि रवीश मल्होत्रा यांच्या चाचण्या तिथेच झाल्या, गगनयानाच्या अंतराळवीरांची निवडही तिथूनच. अशा टाकीच्या, म्हणजे कमी दाबाच्या चेंबरच्या, सत्राचा ढाचा जगभर थोड्याफार फरकाने सारखा असतो. जाड दाराची लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाकडी, भिंतीवर गोल जाड काचा, बाहेर पंप. आधी पाच-सहा हजार फुटांपर्यंत नेऊन लगेच खाली आणतात, कारण ज्याला सर्दी आहे त्याचे कान आणि कपाळाच्या पोकळ्या इथेच बोंब मारतात. वर जाताना कान सहसा आपसूक मोकळे होतात, छळतात ते उतरताना. नाक दाबून, तोंड मिटून, कानात हवा ढकलायची युक्ती इथे पक्की करून घेतात. किडलेल्या दाढेत सिमेंट भरताना खाली बुडबुडा राहिला असेल तर तीही ठणकते. दाताच्या डॉक्टरचं काम चांगलं झालंय की नाही हे तपासण्याचा जरा महागडा मार्ग.

मग मास्क लावून पंचवीस हजारांवर. निम्मे लोक मास्क काढतात, समोरचे निम्मे मास्क लावून त्यांच्याकडे पाहत राहतात. मास्क काढलेल्यांच्या मांडीवर एक कागद, हातात पेन्सिल. शंभरातून सात वजा करत जा. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. स्वतःचं नाव लिहा. पुन्हा लिहा. पहिलं मिनिट सगळे हुशार. दुसऱ्या मिनिटात कोणाच्या बोटांत मुंग्या येतात, कोणाचे कान गरम होतात, कोणाला नजरेच्या कडा काळ्या दिसतात, कोणी उगाच चिडतो, कोणी खुदुखुदू हसतो. नखं निळसर पडायला लागतात. वजाबाकी बहात्तरवर अडते आणि पेन्सिल त्याच आकड्यावर गोल फिरत राहते. प्रशिक्षक नावाने हाक मारून सांगतो, मास्क लाव. माणूस मान डोलावतो आणि काही करत नाही. मग शेजारचा मास्क लावून देतो. दोन-चार श्वासांत खोलीतले दिवे कोणी मोठे केल्यासारखं वाटतं. दिवे तेवढेच असतात, ऑक्सिजन नसताना रंग आणि उजेड विझत चाललेत हे त्याला कळलेलंच नसतं. खाली आल्यावर तो कागद हातात देतात. स्वतःच्या सहीचा झालेला तो किडामुंगीचा खेळ पाहिल्यावर भाषण करायची गरज उरत नाही.

या सत्राने शरीर उंचीला सरावत नाही. गैरसमज इथेच होतो. टाकीत दहादा बसलं तरी पंचवीस हजारांवरची मिनिटं वाढत नाहीत. प्रत्येकाचं लक्षणांचं येणं ठरावीक क्रमाने असतं, एकाला मुंग्या आधी, दुसऱ्याला हसू आधी, आणि तो क्रम बहुतेकदा पुढच्या वेळीही तसाच येतो. आपली पहिली खूण कोणती एवढंच शिकायचं असतं. ती दिसली की विचार करत न बसता ऑक्सिजन तपासायचा, कारण विचार करणारं यंत्रच बिघडत चाललंय. काही वर्षांनी हे सत्र पुन्हा करायला लावतात, तेही याचसाठी.

सरावण्याचा मार्ग वेगळा आहे आणि तो आपल्या फौजींच्या घरांत ठाऊक आहे. सियाचिन-लडाखला जाणाऱ्या जवानाला नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, पंधरापर्यंत चार, त्याच्या वर आणखी चार दिवस मुक्काम करावा लागतो. हा शहाणपणाही रक्त सांडून आलेला. १९६२ च्या सुमारास मैदानातून विमानाने थेट लडाखला उतरवलेल्या जवानांच्या फुप्फुसांत पाणी भरू लागलं. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये १,९२५ जवानांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो जगभर आजही वाचला जातो. पण उडी मारणाऱ्याला चौदा दिवस कुठले? तो तासाभरापूर्वी जमिनीवर असतो. त्याच्यापुढे पर्याय एकच, ऑक्सिजन बरोबर नेणं आणि तो नीट वापरणं.

नीट वापरणं म्हणजे काय, तर त्यातली निम्मी कसरत नायट्रोजनसाठी आहे. रक्तात आणि चरबीत नायट्रोजन विरघळलेला असतो. अठरा हजारांच्या वर, आणि पंचवीस हजारांनंतर तर नक्कीच, दाब उतरला की तो बुडबुडे होऊन बाहेर पडू शकतो: सांध्यात कळा, कातडीला खाज, आणि नशीब वाईट असेल तर मेंदू किंवा मणक्यात. पाणबुड्यांना होतो तोच आजार. उपाय म्हणून उड्डाणाआधी साधारण अर्धा तास नुसता शंभर टक्के ऑक्सिजन ओढायचा, म्हणजे नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो. उंची जास्त तर वेळ जास्त. गंमत अशी की मधे कोणी मास्क सरकवून साध्या हवेचे चार श्वास घेतले तर काढलेला नायट्रोजन परत आत येतो आणि केलेली मेहनत बरीचशी फुकट जाते. म्हणून विमानातल्या मोठ्या टाकीवरून छातीवरच्या छोट्या बाटलीवर नळी बदलण्याचा सराव जमिनीवर पुन्हा पुन्हा करतात. श्वास रोखायचा, नळी काढायची, दुसरी बसवायची, खटका ऐकू आला की श्वास सोडायचा.

इथे आमच्याकडच्या तरुणांना एक वाईट बातमी. चापून कोरलेली दाढी, जी सध्या शिरूरच्या सलूनांत जोरात आहे, ती मास्कला चालत नाही. रबराची कड कातडीवर घट्ट बसली पाहिजे, केसांतून हवा शिरते. दुसरी बातमी जेवणाची. आतड्यातला वायू पंचवीस हजारांवर अडीच ते तीन पट फुगतो. आदल्या दिवशी मटकीची मिसळ, पावटा, हरभरा, कोबी आणि वर थंड सोडा, असा बेत झाला असेल तर विमानात शेजाऱ्यांची दया यावी. तिसरी सिगारेटची. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो, त्यामुळे ओढणारा माणूस जमिनीवरच काही हजार फूट 'वर' असतो. हिमोग्लोबिन कमी असलेल्याचंही तेच. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. पहाटे रस्त्यावर धावणाऱ्या पोरींच्या आयांनी आणि भरतीच्या अकादमीवाल्यांनी छातीचं माप आणि उंची यांच्याबरोबर तेवढी एक रक्ततपासणी करून घेतली, तर त्याचा उपयोग आकाशात नाही तरी मैदानावर नक्की होईल.

सामान्य प्रवाशाचा याच्याशी संबंध कुठे येतो? २० सप्टेंबर २०१८ ला जेट एअरवेजचं मुंबई-जयपूर विमान निघालं. इंजिनाची हवा केबिनमध्ये सोडणारा खटका लावायचा राहून गेला. १६६ प्रवासी होते, काहींच्या नाका-कानातून रक्त आलं, मास्क खाली पडले, विमान मुंबईला परतलं. आदल्या दशकात, १४ ऑगस्ट २००५ ला, सायप्रसच्या हेलिऑस कंपनीच्या विमानात दाबाची कळ चुकीच्या जागी राहिली. वैमानिक वाजणाऱ्या भोंग्याचा अर्थ लावत बसले आणि त्यातच बेशुद्ध झाले. इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहिलं, १२१ जण गेले. वजाबाकी बहात्तरवर अडते तेव्हा असं होतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट हिशोबात निघाली. समजा शिरूरच्या आकाशात पंचवीस हजारांवरून एकाने उडी टाकली. तिथे हवा विरळ म्हणून वेग जास्त, ताशी २९०-३०० किलोमीटर, आणि जमिनीजवळ येता येता तो दोनशेवर उतरतो. छत्री उघडायच्या उंचीपर्यंत यायला जेमतेम दीड मिनिट. पंधरा हजारांच्या खाली तर तो पाऊण मिनिटातच आलेला असतो. उपयुक्त शुद्धीची तीन मिनिटं त्याआधी संपत नाहीत. म्हणजे दारातून बाहेर पडताना मास्क निघाला तरी पडणारा माणूस हवेच्या दिशेने पडतोय. धोक्याची जागा आहे विमान: चढताना, दार उघडून वाट पाहताना, जागा चुकली म्हणून आणखी एक फेरी मारताना. बघणाऱ्याचा जीव उडीच्या क्षणी वर-खाली होतो आणि प्रशिक्षकाचा त्याआधीच्या वीस मिनिटांत. अपवाद एकच, सैनिकी पद्धतीने छत्री वरच उघडून मैलोन्मैल तरंगत जाणं. तिथे ऑक्सिजन आणि थंडी दोन्ही लांबतात.

थंडीचं कोष्टक पुस्तकात पंचवीस हजारांना उणे चौतीस सांगतं. आपल्या पठारावर एवढं होत नाही, उन्हाळ्यात उणे पंधरा-सोळाच्या घरात असेल. पण त्यावर तीनशेचा वारा. जाड हातमोजा घातला की बोटांना छत्री उघडायची कडी लागत नाही, पातळ घातला की बोटंच लागत नाहीत. उडीच्या आधी जमिनीवर मोजे घालून कडी शोधण्याचा सराव हा कंटाळवाणा आणि अत्यावश्यक भाग. जोसेफ किटिंजर १६ ऑगस्ट १९६० रोजी १,०२,८०० फुटांवरून उडी मारायला चढत होता, तेव्हा उजव्या हाताच्या मोज्यात दाब भरत नाही हे त्याच्या लक्षात आलं. खाली कळवलं तर मोहीम थांबवतील म्हणून तो बोलला नाही. हात फुगून दुप्पट झाला. खाली आल्यावर काही तासांत बरा झाला. धाडस म्हणून हे गातात. कोणत्याही प्रशिक्षकाला विचारलं तर तो त्या न बोलण्याचीच चिंता करेल.

मराठी माणसांत या क्षेत्राचं ठळक नाव पुण्याच्या शीतल महाजन. १८ एप्रिल २००४ ला त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, २,४०० फुटांवरून, उणे ३७ अंशांत. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, ११,६०० फूट. २०११ ला पद्मश्री. २०१८ मध्ये थायलंडला पट्टायाला नऊवारी नेसून उडी, आणि त्याचीच छायाचित्रं सगळ्यात जास्त फिरली. माझ्या मते त्यांची खरी अवघड उडी १३ नोव्हेंबर २०२३ ची: एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून २१,५०० फुटांवरून, आणि उतरल्या कालापत्थरला, १७,४४४ फुटांवर. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. पडायला फक्त चार हजार फूट. आधी सांगितलेला 'हवेच्या दिशेने पडण्याचा' दिलासा इथे नाही, कारण जमिनीवरही निम्माच दाब. उतरल्यावर मास्क काढून मोकळा श्वास घेऊ म्हटलं तरी मोकळी हवा नाही. शिवाय विरळ हवेत छत्रीही जोरात चालते. त्या उंचीवर जमिनीला लागताना वेग समुद्रकाठच्या मानाने साधारण तीस टक्के जास्त. ज्या हाताला ब्रेक कधी ओढायचा हे हजारो फूट खालच्या मैदानांवर शिकवलं, त्याला ते सगळं जरा आधी करावं लागतं. आणि करणारा मेंदू ऑक्सिजनला तहानलेला. त्या मोहिमेत आधी ११ नोव्हेंबरला १७,५०० फुटांवरून स्यांगबोचेला, साडेबारा हजारांच्या सुमारास, त्यांनी उडी मारली होती. पायऱ्या का लागतात ते यावरून कळेल.

उंचीचा महाराष्ट्रातला आणखी एक विक्रम नगर-नाशिकच्या लोकांना आठवत असेल. २६ नोव्हेंबर २००५ ला विजयपत सिंघानिया मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनमधून निघाले, सुमारे ६९,००० फुटांवर गेले आणि सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ उतरले. ती उंची म्हणजे आपल्या उभ्या रस्त्यावर रांजणगावच्याही पुढे. ते जाऊ शकले ते दाब राखणाऱ्या बंद केबिनमुळे. चाळीस हजारांच्या वर नुसता शुद्ध ऑक्सिजनही पुरत नाही, तो दाबाने फुप्फुसात भरावा लागतो. मग श्वासाचा क्रमच उलटतो: आत घेणं आपोआप आणि बाहेर सोडायला जोर. त्याहीवर बंद पोशाख किंवा बंद खोली, तिसरा मार्ग नाही.

आपल्या फौजेचं काम या खालच्या पट्ट्यात चालतं. ८ ऑक्टोबर २०२० ला, हवाई दलाच्या स्थापनादिनी, विंग कमांडर गजानंद यादव आणि वॉरंट ऑफिसर ए. के. तिवारी खारदुंगला खिंडीत १७,९८२ फुटांवर उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये डीआरडीओने आग्रा आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांत घडवलेल्या लढाऊ पॅराशूटची ३२,००० फुटांवरून चाचणी झाली. तिघांनी उड्या मारल्या. त्या उंचीवर उपयुक्त शुद्धी मिनिटभराच्या आसपास. छत्रीबरोबर ऑक्सिजनची जुळणी किती भरवशाची असावी लागते, हे त्या एका मिनिटावरून ओळखावं.

चौफुल्याच्या रस्त्यावर धावणाऱ्यांपैकी कोणी लष्करात जाऊन पॅरा निवडलंच, तर त्याचा रस्ता आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधून जातो. आधी कमी उंचीवरच्या, दोरीने आपोआप उघडणाऱ्या छत्रीच्या उड्या. त्या पाच झाल्या की छातीवर पंख. मुक्त पडणं त्यानंतर, ऑक्सिजन लावून पडणं त्याच्याही नंतर. तिथपर्यंत पोचायला १,६०० मीटरचं घड्याळ कामी येतं, त्याशिवाय दारातच प्रवेश नाही. टाकीचं दार बंद झाल्यावर मात्र त्याच्या मांडीवर कागद येईल, आणि गावाकडे भरतीच्या यादीत वरचा नंबर काढलेल्या त्या पोराला शेजारच्याने मास्क लावून द्यावा लागेल.